फराळाचे ताट : मराठी ख्रिस्ती घरातील नाताळच्या तयारीचा इतिहास

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासाला आता दीर्घ परंपरा लाभली आहे. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण', बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आणि 'अरुणोदय', नारायण वामन टिळकांची भजने व अभंग, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या ग्रंथांच्या आधारे एकच प्रश्न वारंवार विचारला गेला : परदेशातून आलेला हा धर्म मराठी कसा झाला? त्याचे उत्तर प्रायः छंदात, परिभाषेत आणि प्रतिमासृष्टीत शोधले जाते. ओवी आली, अभंग आला, कीर्तन आले. म्हणजे धर्म मराठी झाला, अशी ही मांडणी आहे. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. छापील पानावर जे उतरले तेवढेच तिला दिसते. दरवर्षी मार्गशीर्षाच्या सुमारास मराठी ख्रिस्ती घरात जे घडते, म्हणजे रवा भाजणे, सारण करणे, डबे भरणे, ताटे पाठवणे, ते या मांडणीत कोठेच येत नाही.

नाताळची ही घरगुती तयारी हे मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन आहे, अशी प्रस्तुत निबंधाची भूमिका आहे. तिला लिखित संहिता नाही आणि बऱ्याच प्रमाणात तिला मिशनऱ्यांचा कित्ताही नव्हता. म्हणूनच 'मराठी कोणी केले, आणि कसे?' या प्रश्नाचे उत्तर येथे वेगळे मिळते. हा विचार गोवा-वसईपासून अहमदनगरमार्गे (आजचे अहिल्यानगर) दिल्लीलगतच्या गुरुग्रामपर्यंत नेला आहे. कारण स्थलांतरित घरात या तयारीचे स्वरूप आणि तिचे मोल दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

१. शब्दाचा प्रवास

सणाच्या नावापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. मराठीतील 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. उत्तर भारतात आणि बंगालमध्ये याच दिवसाला 'बडा दिन' वा 'बडोदिन' म्हटले जाते. दोन्ही नावे वसाहतकाळाची खूण बाळगतात, पण ती एका प्रकारची नव्हे. 'नाताळ' हे धर्मांतरित समाजाने स्वतःच्या सणाला दिलेले, चर्चच्या पंचांगातून घेतलेले नाव आहे. 'बडा दिन' या नावात साहेबाच्या सुट्टीची छाया अधिक आहे. कचेऱ्या बंद राहत, हाताखालची माणसे साहेबाच्या बंगल्यावर फळे, सुका मेवा, मिठाई यांची 'डाली' घेऊन जात. तेथे मुदपाकखाना खानसाम्याच्या हाती असे. सण मालकाचा आणि तयारी नोकराची, अशी विभागणी होती. मराठी ख्रिस्ती घरातील नाताळ मुळातच याहून वेगळा होता. तेथे सण आणि श्रम एकाच घरातील माणसांचे होते.

२. गोवा आणि वसई : चर्च विरळ, घर दाट

गोवा १५१० मध्ये आणि वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात ख्रिस्तजन्माची कथा मराठी श्रोत्याच्या कानाला ओळखीच्या लयीत आली. ओवी हा मराठी काव्याचा ग्रंथछंद आहे, तसाच तो जात्यावर बसलेल्या स्त्रीचा छंदही आहे. स्टीफन्स यांनी पहिल्या परंपरेचा आधार घेतला. दुसऱ्या परंपरेचे काय झाले, याचा पुरावा मात्र काव्यात नाही. तो एका निषेधपत्रात सापडतो.

गोव्याच्या धर्मन्यायपीठाने १७३६ मध्ये काढलेल्या आदेशपत्रात नवख्रिस्ती घरांतील अनेक चालींना बंदी घातली. लग्नात ओव्या म्हणणे, विड्यांची देवघेव करणे, अंगणात तुळस लावणे यांबरोबरच मीठ न घालता भात शिजवणे हाही त्यात अपराध मानला गेला. प्रियोळकरांनी गोव्यातील धर्मन्यायपीठाच्या इतिहासात या आदेशाची तपशिलाने नोंद घेतली आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाप्तिस्म्यानंतर दोनशे वर्षांनीही धर्मसत्तेला ज्या जागेची शंका वाटत होती, ती जागा चूल होती. भातातल्या मिठावर लक्ष ठेवावे लागते, याचा अर्थ श्रद्धेची खरी सीमारेषा स्वयंपाकघरातून जाते, हे धर्मसत्तेने जाणले होते. आधुनिक अभ्यासाने मात्र ते पुरेसे जाणलेले नाही.

वसईचा इतिहास याला पूरक आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजांनी वसई घेतली. युरोपीय धर्मगुरू निघून गेले. एतद्देशीय धर्मगुरू आणि ख्रिस्ती रयत मागे राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हा प्रदेश मराठ्यांच्या अमलाखाली होता. चर्चचा राजाश्रय संपला, तरी सण संपला नाही. ज्या काळात चर्चची व्यवस्था विरळ झाली, त्या काळात धर्माचे सातत्य घराने सांभाळले असले पाहिजे, असा तर्क येथे वाजवी ठरतो. पुढे १८८७ मध्ये मुंबई परिसरातील या मराठीभाषक कॅथलिकांपैकी अनेकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाने आपली बोली जपली, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या रूपाने या परिसराने २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला अध्यक्षही दिला. ही भाषानिष्ठा ग्रंथांतून आली, तशीच ती घरातूनही आली.

या किनाऱ्यावरच्या तयारीचे वेळापत्रक पाहिले तर तिचा आवाका लक्षात येतो. ईस्ट इंडियन घरात नाताळच्या जेवणाची सुरुवात डिसेंबरात होत नाही. ती उन्हाळ्यात होते. मिरच्या, धणे, हळद आणि इतर मसाल्याचे जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून 'बाटली मसाला' पावसाळ्यापूर्वी गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरला जातो. तोच वर्षभर, आणि नाताळच्या रश्श्यातही, वापरला जातो. डिसेंबर लागला की कुलकुल वळायला घर एकत्र बसते. फणीच्या वा काट्याच्या पाठीवर पिठाची छोटी गोळी दाबून तिची शंखासारखी वळी करणे हे काम लहान मुलांचे. गोव्यात नेवऱ्यो, दोदोल, कुलकुल यांचे ताट शेजारी पाठवण्याच्या चालीला 'कोंसुआद' म्हणतात. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल, त्या घरी त्या नाताळात गोडधोड करीत नाहीत. तेथे शेजारघरांतून ताटे जातात. नेवरी म्हणजे घाटावरची करंजीच. एकच पदार्थ हिंदू घरात चतुर्थीला वा दिवाळीला आणि ख्रिस्ती घरात नाताळला केला जातो. त्यात धर्मभेदाची खूण नाही, पंचांगभेदाची आहे.

३. ज्यांच्याकडे नाताळ नव्हता, त्यांच्याकडून मिळालेला धर्म

घाटावरचा इतिहास निराळा आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे. मराठी प्रॉटेस्टंट समाजाच्या घडणीत दोन प्रवाहांचा वाटा मोठा होता : अमेरिकन मराठी मिशन आणि स्कॉटिश मिशन. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगर हे केंद्र केले आणि १८४२ मध्ये तेथून 'ज्ञानोदय' सुरू झाले. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. स्टीफन हिस्लॉप यांनी १८४० च्या दशकात नागपुरात काम उभारले.

या दोन्ही प्रवाहांच्या मातृपरंपरेत नाताळ हा सण जवळजवळ नव्हताच, ही गोष्ट मराठी अभ्यासात फारशी विचारात घेतली गेलेली नाही. अमेरिकन मंडळी न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल, म्हणजे प्युरिटन वारशातून आली होती. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास दंड ठरवला होता. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, तरी त्या राज्यात नाताळची कायदेशीर सुट्टी १८५६ मध्ये आली. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेनेही धर्मसुधारणेनंतर हा सण बाजूला सारला. तेथे तो सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला १९५८ मध्ये. बायबलमध्ये ज्याची आज्ञा नाही तो सण पाळू नये, ही त्यामागची भूमिका होती. अँग्लिकन मिशने नाताळ पाळत असत, पण अहमदनगर परिसरात त्यांचे काम नंतरचे आहे.

इंग्लंडमधील घरगुती नाताळही त्या वेळी नव्यानेच घडत होता. डिकन्सची नाताळकथा १८४३ ची. विंडसरच्या राजवाड्यातील सजवलेल्या झाडाचे चित्र लंडनच्या साप्ताहिकात १८४८ मध्ये छापले गेले आणि त्यानंतर ती प्रथा मध्यमवर्गात पसरली. म्हणजे 'ज्ञानोदय' या नाताळकथेपेक्षा एक वर्षाने वडील आहे. पाश्चात्त्य कुटुंबाचा 'पारंपरिक' नाताळ आणि मराठी ख्रिस्ती समाज ही दोन्ही साधारणपणे एकाच काळाची अपत्ये आहेत. अशा स्थितीत मराठी नाताळ हे पाश्चात्त्य नाताळचे अनुकरण होय, हे गृहीतक टिकत नाही. ज्याचे अनुकरण करायचे ते मूळच अजून पक्के झाले नव्हते, आणि शिकवणाऱ्यांच्या घरी ते पुरेसे रुजलेलेही नव्हते.

मग अहमदनगरच्या मराठी घराने नाताळची घडण कोठून उचलली? हाताशी असलेला नमुना एकच होता : दिवाळी. घर सारवणे वा रंगवणे, नवे कपडे, बांबूच्या कामट्यांचा कंदील आणि फराळ, हे सर्व घटक तेथून आले. कंदिलाला ताऱ्याचा आकार आला आणि तो बेथलेहेमचा तारा झाला. पहाटेच्या अभ्यंगाची जागा रात्री दारोदार फिरून गीते म्हणण्याने घेतली, आणि त्या गीतांना १८६० च्या दशकापासून अहमदनगरला रुजलेल्या ख्रिस्ती कीर्तनाची साथ मिळाली. दिवाळी अंकांची प्रथा १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने सुरू केली. पुढे ख्रिस्ती नियतकालिकांचे नाताळ विशेषांक त्याच वळणाने निघू लागले. छापील संस्कृतीने जे विसाव्या शतकात केले, त्याचा पाया स्वयंपाकघराने आधीच घातला होता.

४. फराळाचा अर्थ

'फराळ' हा शब्द मुळात फलाहाराचा, उपवासाच्या दिवशीच्या खाण्याचा. दिवाळीने त्याचा अर्थ बदलला, आणि नाताळने तो बदललेला अर्थ स्वीकारला. घाटावरच्या नाताळच्या फराळात करंजी, शंकरपाळी, चकली, शेव, चिवडा, लाडू हेच पदार्थ असतात. तयारीचा क्रम टिकाऊपणाने ठरतो. चकलीची भाजणी आधी दळून ठेवावी लागते. शंकरपाळी आणि चिवडा आठवडाभर आधी केले तरी चालतात. करंजीत सुके खोबरे, खसखस आणि पिठीसाखर असेल तर ती टिकते. ओल्या नारळाची करंजी दोन दिवसांची. करंजीला हात अधिक लागतात. एकीने लाटायचे, दुसरीने सारण भरायचे, तिसरीने कातणीने कातायचे, चौथीने तळायचे. लाटलेली पारी वाळू नये म्हणून ओले फडके झाकायचे. एकट्या बाईला करंजी करता येते, पण ती होते एकत्र बसलेल्या घरात वा शेजारात. फराळाचे नियोजन म्हणजे केवळ जिन्नसांची यादी नव्हे. कोणत्या दिवशी कोणाच्या घरी कोणी बसायचे, याची ती वाटणी असते. कृषिवर्षही येथे अनुकूल ठरते. खरिपाचे धान्य घरात आलेले असते, गुऱ्हाळे सुरू होऊन नवा गूळ बाजारात आलेला असतो, ऊसतोडीची मजुरी हाती येऊ लागलेली असते.

या वर्णनात एक प्रश्न दडलेला आहे. अहमदनगर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आली. १८७६-७८ आणि १८९६ ते १९०० या दुष्काळांच्या काळात त्यांची संख्या वाढली. बलुतेदारीच्या व्यवस्थेत या समाजांचा सणाच्या अन्नाशी असलेला संबंध मागण्याचा होता. सण गावाचा, फराळ वाड्यावरचा, आणि वाटा दारातून मिळणारा, बहुधा उरलेला. दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) या अन्नाची मानहानी मराठी साहित्यात कायमची नोंदवली. या पार्श्वभूमीवर नाताळचा फराळ वाचला पाहिजे. स्वतःच्या घरी, स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या सणासाठी तळलेली करंजी ही त्या घराच्या दृष्टीने उच्चवर्णीयांची नक्कल नव्हती. ज्या अन्नाचा केवळ घेणारा म्हणून हक्क होता, त्या अन्नाचा कर्ता होण्याची ती कृती होती. आणि ते ताट बाहेर पाठवणे ही त्याहून मोठी कृती होती, कारण तीत घेणारा देणारा होतो.

हे ताट कोठवर पोचे, हा प्रश्न जातिव्यवस्थेच्या अभ्यासाकडे नेतो. पाण्यात शिजवलेले 'कच्चे' अन्न आणि तुपातेलात तळलेले 'पक्के' अन्न असा भेद भारतीय समाजशास्त्राने सविस्तर मांडला आहे. उत्तरेत तो विशेष काटेकोर आहे. कच्चे अन्न केवळ आपल्यांत वा वरच्या जातीकडूनच घेतले जाते, पक्के अन्न तुलनेने अधिक सीमा ओलांडते. तळलेला फराळ या दृष्टीने प्रवासी अन्न आहे. भाताची मूद शेजारी पाठवता येत नव्हती, तेथे शंकरपाळी पाठवता आली. अंडे घातलेला केक शाकाहारी घरात थांबला असता, करंजी आत गेली. अस्पृश्यतेची भिंत मात्र तळणीनेही सहजी ओलांडली जात नव्हती, हे विसरता येणार नाही. ताट नाकारले गेले, की स्वीकारून बाजूला ठेवले गेले, की घरातल्या माणसांनी खाल्ले, या तीन शक्यतांमध्ये महाराष्ट्रातील सामाजिक परिवर्तनाचा एक अलिखित आलेख आहे. रिकामे ताट परत करू नये, निदान त्यात चिमूटभर साखर घालावी, ही मराठी घरांची रीत. ती साखर आली की ताट मान्य झाले, असा त्याचा अर्थ. जेथे दिवाळीचे ताट नाताळला फेडले जाते आणि नाताळचे दिवाळीला, तेथे दोन धर्मांचा संवाद घडतो, आणि त्यासाठी व्यासपीठ लागत नाही.

५. दोन स्त्रिया, दोन स्वयंपाकघरे

या अलिखित इतिहासाला मराठीतील दोन असामान्य स्त्रियांच्या लेखनातून दुजोरा मिळतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. त्यातील वादांत धर्मतत्त्वांइतकीच खाण्यापिण्याची चर्चा आहे. रमाबाईंचे शाकाहारी राहणे हे जातीच्या अभिमानाचे लक्षण आहे, असा आक्षेप त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याकडून घेतला गेला. रमाबाईंची बाजू अशी होती की श्रद्धेच्या आड न येणाऱ्या पूर्वजांच्या चाली सोडण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. व्हिक्टोरियन काळातील इंग्रजी नाताळचे पुडिंग अंडी आणि गुरांची चरबी घालून केले जाई, एवढे लक्षात घेतले की या वादाची तीव्रता कळते. ख्रिस्ती होणे आणि इंग्रज होणे यांतील अंतर रमाबाईंनी ताटापासून मोजले.

लक्ष्मीबाई टिळकांची कथा उलट दिशेने जाते. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधल्या काळाचे 'स्मृतिचित्रे'तील वर्णन पाहिले, तर तेथे धर्मांतराची खरी रंगभूमी पाणी, सोवळे आणि चूल ही आहे. वेगळी चूल, वेगळे पाणी, मग हळूहळू सैल होत गेलेला विटाळ आणि शेवटी इतरांच्या हातचे अन्न घेण्याचा निश्चय, हा क्रम बाप्तिस्म्याच्या आधीच पुरा होतो. टिळकांचे परिवर्तन वाचन, चिंतन आणि काव्य यांच्या द्वारे झाले. लक्ष्मीबाईंचे स्वयंपाकघरातून झाले. रमाबाईंनी ख्रिस्ती असूनही आपले अन्न राखले, लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती होण्याआधीच अन्नाची बंधने सोडली. दोघींचे मार्ग परस्परविरुद्ध असले, तरी निर्णयाची जागा एकच आहे.

टिळकांनी १९०९ मध्ये आरंभलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या निधनानंतर (१९१९) लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि ते १९३८ मध्ये ग्रंथरूपाने आले. महाकाव्याचा मोठा भाग जिने रचला, तिने वर्षानुवर्षे अनाथ मुले, पाहुणे आणि आश्रित यांच्यासाठी रांधले. या दोन कामांपैकी एकच वाङ्मयेतिहासात नोंदले गेले. येथे एक सावधगिरीही हवी. घरगुती तयारीचे मोल सांगताना तिचा गौरव करून थांबणे सोपे असते. पण हा भार जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांवर होता आणि आहे. सणाच्या आदल्या रात्री गीते म्हणत फिरणारी मंडळी आणि घरी घाणे काढणारी बाई यांतील विषमता धर्मांतराने संपवली नाही. धर्म बदलला, चुलीपुढची जागा बदलली नाही.

६. गुरुग्राम : नाताळ आणि बडा दिन यांच्या मध्ये

मराठी नाताळ महाराष्ट्राबाहेर जातो तेव्हा त्याचे काय होते, याचा विचार करण्यास गुरुग्राम हे योग्य स्थळ आहे. कारण या भूमीला मराठ्यांचा आणि नाताळचा असा दुहेरी पूर्वेतिहास आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा टापू शिंद्यांच्या प्रभावाखाली होता. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने तो कंपनीकडे गेला. येथील बादशाहपूर-झाडसा परगणा सरधन्याच्या बेगम समरूच्या ताब्यात होता. १७८१ मध्ये आग्र्यात कॅथलिक बाप्तिस्मा घेतलेल्या या बेगमेची पलटणे असईच्या लढाईत शिंद्यांच्या बाजूला होती. झाडशाच्या तिच्या फौजेवर नजर ठेवण्यासाठी कंपनीने जवळच घोडदळाचे ठाणे बसवले आणि त्यातून पुढे गुरगावचे ब्रिटिश ठाणे वाढले. बेगमेच्या मृत्यूनंतर, १८३६ मध्ये, परगणा जप्त झाला आणि त्याचा दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १८७२ मध्ये निकालात निघाला. म्हणजे या गावी ख्रिस्ती सण दोन रूपांनी ठाऊक होता : एका देशी सरदारणीचा दरबारी सण आणि छावणीतल्या साहेबाचा बडा दिन. तिसरे रूप, कष्टकरी कुटुंबाचा स्वतःच्या हातचा सण, हे नंतरच्या स्थलांतरांनी आणले.

गुरगावचे औद्योगिक रूप १९८३ मध्ये मारुतीच्या मोटारींचे उत्पादन सुरू झाल्यानंतर पालटू लागले. २०१६ मध्ये शहराचे नाव गुरुग्राम झाले. देशभरातून आलेल्या कुटुंबांत केरळ, ईशान्य भारत, झारखंड, पंजाब येथील ख्रिस्ती कुटुंबे आहेत, तशी मराठीही आहेत. अशा मराठी घराला सणाची तयारी करताना ज्या अडचणी येतात, त्या किरकोळ वाटल्या तरी अर्थपूर्ण आहेत. करंजीला लागणारे चार हात जमत नाहीत. सासू-नणंद-जाऊ दूर, आणि शेजारीण वेगळ्या रीतीची. मग करंजी मागे पडते आणि एकटीला जमणारी शंकरपाळी पुढे येते. उत्तरेच्या थंडीत तूप थिजलेले असते. मोहन कडकडीत करून घातले नाही तर पारी खुसखुशीत होत नाही. भाजणी गावाहून डब्यात येते. आईच्या अंदाजाची जागा 'रुचिरा'तील (१९७०) वाटी-चमच्याच्या प्रमाणाने घेतली होती. आता ती जागा दूरध्वनीवरच्या चित्राने घेतली आहे. शेजारी दिवाळीला सुक्या मेव्याची बंद पेटी देतो, म्हणून परतफेडही बंद पेटीने होऊ लागते. शाकाहारी घरांसाठी अंडे नसलेला केक विकत आणला जातो.

येथे फराळाचे मूळ तत्त्व कसोटीला लागते. बंद पेटी सर्वांना चालते, कारण ती कोणाच्या हातची नसते. ताट मात्र कोणाच्या तरी हातचे असते. ते स्वीकारणे म्हणजे तो हात स्वीकारणे. एकोणिसाव्या शतकातील अहमदनगरमध्ये प्रश्न होता तो हा हात मान्य होईल का. एकविसाव्या शतकातील गुरुग्राममध्ये प्रश्न आहे तो हात दिसेल का. पहिला प्रश्न जातीने निर्माण केला होता, दुसरा बाजाराने. दोन्हींचे उत्तर पितळेच्या वा स्टीलच्या त्या झाकलेल्या ताटानेच देता येते, आणि म्हणून महानगरातील एखाद्या सदनिकेत तळलेला एक घाणाही सांस्कृतिक दृष्ट्या क्षुल्लक नाही.

भाषेच्या अभ्यासकाला याहूनही जवळचे एक कारण आहे. जेथे मराठीतील उपासना हाताशी नाही, तेथे प्रार्थना हिंदीत वा इंग्रजीत होते; मुलांचे शिक्षण त्याच भाषांत होते; 'ख्रिस्तायन' कपाटातही नसते. पण मोहन, सारण, पारी, घाणा, कातणी, भाजणी या शब्दांना त्या घरात पर्याय नसतो. कृती चालू आहे तोवर शब्द चालू राहतो. डिसेंबरच्या पंधरवड्यात जी मराठी त्या घरात बोलली जाते, ती आज्ञेची, विनोदाची, आठवणीची आणि मोजमापाची जिवंत मराठी असते. आणि इमारतीतील शेजाऱ्यांशी बोलताना तेच घर आपल्या नाताळला 'बडा दिन' म्हणते. तुलनात्मक साहित्याने ज्याला भाषांतर म्हणावे, असा हा व्यवहार आहे.

ओवी आणि अभंग यांनी ख्रिस्ती धर्म मराठीत आणला, हे विधान म्हणूनच दुरुस्त करून घ्यावे लागते. कवींनी त्याला मराठी वाणी दिली. पण त्याला मराठी घर देणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि त्यांतील बहुतेक निरक्षर वा अल्पशिक्षित, दलित, कष्टकरी होत्या. धर्मन्यायपीठाला त्यांच्या चुलीचे भय वाटले, प्युरिटन परंपरेकडे त्यांना देण्याजोगा सण नव्हता, वाङ्मयेतिहासाने त्यांची नोंद घेतली नाही. तरी सण घडला आणि तो अहमदनगरपासून वसईपर्यंत व तेथून दिल्लीच्या वेशीपर्यंत पोचला. या इतिहासाची साधने ग्रंथालयात थोडी आहेत. ती घरोघरच्या वह्यांत, पदार्थांच्या याद्यांत, ताटांच्या देवघेवीत आणि वयोवृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात आहेत. ती गोळा करण्याचे काम मराठी अध्यासनांनी हाती घेतले पाहिजे आणि लवकर घेतले पाहिजे. कारण ग्रंथाची प्रत शिल्लक राहू शकते, हाताचा अंदाज त्या हाताबरोबर जातो.